कडीची फळी

“काकू, ही मांडणीची लाकडं भंगारात टाकायची काय?”

अभिजितने विचारलं आणि मी ‘टाक’ म्हणायच्या आतच शेजारच्या दुकानातून हसनचाचा ओरडले, “ती न्हाई! ती दाराच्या फळ्यांसंगं घरी जातील. मल्लाप्पा तसं सांगून गेलाय.”

मल्लाप्पा म्हणजे माझे सासरे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि गेलेल्या माणसाचा निरोप मोडण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी ती आठ लाकडंही हातगाडीवर चढवायला सांगितली. काळपट पडलेलं सागवान, प्रत्येकाच्या कडेला कसलीशी वेटोळी नक्षी कोरलेली. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यावर यंत्रमागाच्या शटल आणि पिकरचे खोके रचत आले होते. नक्षी कुणी कोरली, कशासाठी कोरली, हे विचारायला दुकानात फुरसत कुणाला होती?

तो अक्षय्य तृतीयेचा दिवस होता आणि इचलकरंजीतली आमची सूतपेठ आम्ही आमच्याच हातांनी मोडत होतो.

सूतपेठ म्हणजे एकाला एक चिकटलेले बावीस कौलारू गाळे. यंत्रमागाला जे जे लागतं ते तिथे मिळायचं. माझ्याकडे मागाचे सुटे भाग, हसन शिकलगारांकडे कात्र्या-पात्यांना धार, बुगडतात्यांकडे सूत. एकाही गाळ्याला शटर नव्हतं. उंबऱ्याच्या खाचेत उभ्या बसवायच्या नऊ फळ्या, हेच दार. फळ्यांवर आकडे कोरलेले. संध्याकाळी एक ते नऊ ओळीने बसवायच्या आणि नवव्या फळीला लोखंडी कडी असायची, तिला कुलूप. सकाळी उलट्या क्रमाने काढायच्या. क्रम चुकला की फळी अडायची आणि सगळी पेठ हसायची.

या फळ्यांचा एक दंडक होता. गाळा सोडता येई, भाड्याने देता येई, मुलांत वाटता येई. फळ्या मात्र विकायच्या नाहीत. ‘अमक्याने फळ्या विकल्या’ म्हणजे अमका बाजारातून उठला. पुन्हा त्या ओळीत त्याने बसायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडलेलंही कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून त्या दिवशी बावीस जणांच्या फळ्या बावीस घरी गेल्या. कुणी माळ्यावर टाकल्या, कुणी मागाच्या शेडमध्ये, तर बुगडतात्यांनी थेट पलंगाखाली सारल्या आणि पुढे त्यावरून बायकोची बोलणी खाल्ली.

बांधणारा अभिजित उपाध्ये आमच्याच गावचा पोरगा. शिकून आला, पेठेची जागा मूळ मालकाकडून घेतली आणि नकाशा पसरून आम्हाला स्वप्न दाखवलं. पाच मजली व्यापारी संकुल. तळमजल्यावर आम्ही बावीस जण, जुन्या गाळ्याच्या बदल्यात नवा गाळा, एक पैसा न देता. वरचे तीन मजले धनपाल मगदूम घेणार होते. चादरी अमेरिकेला पाठवणारा गावातला मोठा कारखानदार. परदेशी व्यापारी येतील, वर काचेच्या शोरूममध्ये बसतील, लिफ्टने खाली उतरतील आणि जाता जाता माझ्याकडून पिकर घेतील, असं बुगडतात्यांनी मला सांगितलं होतं. पिकर घेऊन तो अमेरिकन करणार काय, हे मी विचारलं नाही.

करार तेवढा नोंदवायचा राहिला होता. वकिलाच्या मुलीचं लग्न होतं, पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले. मी म्हटलं, “तात्या, मग फळ्याही पुढच्या आठवड्यात काढूया.”

“कागद काय, आज न्हाई तर उद्या हुतोय,” तात्या म्हणाले. “अक्षय्य तृतीया वर्षातनं एकदा येतीया. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त सोडून कुणी काम सुरू करतंय व्हय?”

मुहूर्तापुढे वकील हरला. नारळ फुटला, फळ्या निघाल्या, कौलं उतरली. आम्ही ओढ्याकाठच्या पत्र्याच्या खोक्यांत तात्पुरती दुकानं मांडली आणि आपलं काहीतरी मोठं होणार आहे या आनंदात उन्हाळा काढला. करार मग आज-उद्या करत तसाच राहिला.

पावसाळ्यात जोतं भरून झालं. खांबांच्या सळया वर आल्या. आणि एके दिवशी काम थांबलं.

अभिजित ओढ्याकाठी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. आम्ही सगळे बुगडतात्यांच्या खोक्यापुढे जमलो.

“अमेरिकेनं आपल्या मालावर कर लावलाय,” तो म्हणाला. “पन्नास टक्के.”

“म्हंजे जकात,” तात्या म्हणाले. “पर आपल्याकडं जकात नाका बंद हून किती वर्सं झाली!”

“तात्या, अमेरिकेत.”

“आनि आपलं गाळं हाईत इचलकरंजीत. त्येचा ह्येला काय संबंध?”

अभिजित खाली बसला. “तात्या, वरचे तीन मजले मगदूमअण्णांचे. अण्णांचा सगळा माल अमेरिकेला जातोय. तिथला व्यापारी म्हणतोय, कर तुम्ही सोसा, न्हाईतर माल तुमच्याकडंच ठेवा. अण्णांचा हप्ता थांबला की माझी बँक थांबली. तुमचे गाळे मी फुकट देणार होतो ते वरच्या मजल्यांच्या जिवावर. इमारत खालनं वर बांधतात, पण पैसा वरनं खाली येतोय.”

“मग वरचे मजले दुसऱ्या कुणाला दे,” मी म्हटलं.

“कुणाला देऊ, काकू? या गावात वरचा मजला घेईल असा जो तो कापडातच आहे.”

त्याचं खोटं नव्हतं. गावाचा आवाजच कमी झाला होता. आमच्या गल्लीत मागांची खटखट इतकी अंगवळणी पडलेली की ती असताना झोप लागायची. त्या दिवसांत एकेक शेड गप्प होत गेली आणि शांततेने मला जाग यायला लागली. माग बंद, म्हणजे शटल-पिकरलाही गिऱ्हाईक नाही. आमचे हे शाळेत भूगोल शिकवायचे. अमेरिका कुठे आहे ते त्यांना अचूक ठाऊक होतं. आपलं दुकान कुठे आहे ते अधूनमधून सांगावं लागायचं. त्यांनासुद्धा आता दोन्ही एकाच नकाशात दिसायला लागलं.

मग पुण्याहून एक साहेब आले. पडत्या काळात अडकलेल्या जागा घेणं, हाच त्यांचा धंदा. माणूस गोड बोलायचा. त्यांना गाळे नको होते, संकुल नको होतं. घरपोच माल पाठवणाऱ्या कंपन्यांसाठी सपाट गोदाम बांधायचं होतं. आम्हा बावीस जणांना काही रक्कम एकदाच हातात ठेवायची आणि नमस्कार करायचा. त्यांची अट एकच.

“जागा मोकळी मिळाली पाहिजे.”

“मोकळीच आहे की,” अभिजित म्हणाला, आणि आमच्याकडे बघायचं टाळून सळयांकडे बघत राहिला.

“मग दसऱ्याला इसार देतो. चांगला दिवस आहे.”

कराराची नोंद नाही, गाळा जमिनीवर नाही. कागदावर आम्ही त्या जागेचे कुणीच नव्हतो. काही जण म्हणाले, मिळतंय ते घेऊन गप बसावं. मला ते ऐकून संताप आला. मला रक्कम नको होती, मला माझं दुकान पाहिजे होतं. लग्नानंतर पंधरा दिवसांत सासऱ्यांनी मला त्या गादीवर बसवलं होतं आणि म्हणाले होते, पोरगा भूगोलात गेला, तू हिशेबात ये. त्या गाळ्यात मी माणूस झाले. तिथे गोदाम होऊ द्यायचं नाही, एवढं माझं ठरलं होतं. कसं, ते ठरलेलं नव्हतं.

म्हणून मी धनपालअण्णांच्या कारखान्यावर गेले.

कारखाना यड्रावच्या बाजूला. आत शिरले तर निम्मे माग झाकलेले. गड्यांना मात्र कुणाला घालवलं नव्हतं. पाळी पाळीने अर्धा अर्धा आठवडा बोलावत होते. अण्णांच्या खोलीत टेबल काचेचं, खुर्ची गुबगुबीत, आणि खुर्चीमागच्या भिंतीवर मात्र एक जुनाट फळी खिळ्यांवर आडवी बसवलेली. तिच्यावर पार्श्वनाथांची छोटी मूर्ती. फळीला एक लोखंडी कडी लोंबत होती. देवाच्या फळीला कडी कशाला, म्हणून ती माझ्या डोळ्यांत भरली.

“अण्णा, मी मागायला आलेय,” मी म्हटलं.

“ठाऊक हाय, वहिनी. आणि न्हाई म्हणायला मला बी जड जातंय.” ते उठले. “या, दाखवतो.”

मागच्या शेडमध्ये छताला भिडतील इतके गठ्ठे. त्यांनी एक चादर उलगडली. निळ्या रंगावर पांढरी टोकदार झाडं, पांढऱ्या टेकड्या, आणि हरणं जुंपलेली एक बिनचाकाची गाडी.

“नाताळचा माल. कंटेनर भरायचा तेवढा राहिला होता. हे बघा, बर्फ! आपल्या गावात फ्रिजाच्या बाहेरचं बर्फ कुणी बघितलंय काय? हे आता मी कुठं विकू?”

“इथंच विका.”

“दिवाळीच्या तोंडावर हरणं?” ते हसले, पण हसण्यात जीव नव्हता. “वहिनी, हप्ता देणं मला जमणार न्हाई. गड्यांचा पगार की इमारत, असं झालंय. मी पगार धरला.”

यावर भांडायला जागा नव्हती. मी निघणार होते, पण मनात कधीचा एक प्रश्न होता तो बाहेर आला. “एवढं सांगा अण्णा. शोरूमला एक मजला पुरला असता. हायवेला निम्म्यात मिळाला असता. मग सूतपेठेतच, आणि तीन तीन मजले कशाला घेत होतासा?”

ते चादरीची घडी घालत राहिले. घडी झाली तरी हात तिच्यावरच होता.

“लिंबाच्या झाडाजवळ टाकीकडं जायचा बोळ हुता, आठवतोय?”

“होय की. रोजचं पाणी तिथनंच आणायचे.”

“तो बोळ न्हवता. आमचा गाळा हुता. तेविसावा. बाळगोंडा मगदूम, माझे बाबा. मी सातवीत असताना सुताचे भाव पडले आणि बाबांनी फळ्या विकल्या. मग मालकानं गाळा पाडून बोळ केला.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “त्यानंतर बाबा मरेपर्यंत पेठेतनं गेले न्हाईत. बस्तीत देवाला जायचं तरी लांबचा वळसा घ्यायचे. आता पैसा आला, पण खाली बसायला तोंड न्हाई. फळ्या विकल्यात न्हवं! म्हटलं, वर तरी बसू. त्या ओळीच्या डोक्यावर.”

“फळ्या घेतल्या कुणी?”

“कळलं न्हाई. सकाळी हातगाडी आली. बाबा भिंतीकडं तोंड करून बसले हुते.” मग त्यांना एकदम हसू आलं, या वेळी खरं. “घेणाऱ्याला काय उपयोग हुतोय म्हणा. बाबा चिकोडीचे, शाळा कन्नड. फळ्यांवर आकडे बी कन्नडात कोरलेले. पेठेत चेष्टा चालायची, बाळगोंडाचं दुकान बाळगोंडाशिवाय कुणाला बंद करता येत न्हाई म्हणून.”

वेटोळी नक्षी. आठ लाकडं. इतकी वर्षं मी माणसाच्या हातचे आकडे नक्षी म्हणून पुसत आले होते.

“आणि ती?” मी खोलीकडे बोट केलं. “देवाखालची?”

“ती कडीची फळी. नववी. बाबांनी ती तेवढी दिली न्हाई. आठच विकल्या.”

म्हणजे दार पुरतं विकलं गेलंच नव्हतं. आणि त्याच क्षणी माझं ‘कसं’ ठरलं.

“अण्णा, या चादरी मला द्या. गाळ्यांवर छप्पर होईल एवढ्या. बावीस... न्हाई, तेवीस गाळ्यांवर.”

“छप्पर? कुठले गाळे?”

“दसऱ्याला सकाळी या आणि बघा. पैशाचंही तेव्हाच बोलू.”

मग त्यांनी हमालाला हाक मारली.

मी सरळ हसनचाचांकडे गेले. ते खोक्यात बसून कात्रीला धार लावत होते. पेठेतले सगळ्यांत म्हातारे, सासऱ्यांचे जिवाभावाचे.

“चाचा, आमच्या मांडणीच्या फळ्या बाळगोंडांच्या?”

चाक थांबलं. “धनपाल बोलला?”

“त्यांना माहीतच नाही.”

“मल्लाप्पानं घेतल्या. जळणात जाऊ नयेत म्हणून. हातगाडी मीच ढकलली.”

“मग परत का नाही दिल्या?”

“सूनबाई, विकलेल्या फळ्या दारात नेऊन टाकायच्या नसत्यात. ती भीक हुतीया. त्येच्या त्येनं मागायला यावं लागतंय. मल्लाप्पा वाट बघत हुता. बाळगोंडा ह्या गल्लीत आलाच न्हाई.” त्यांनी कात्री डोळ्यांपुढे धरून धार पाहिली. “मल्लाप्पा मला म्हणायचा, मांडणी करून ठेवतो, म्हंजे रोज पुसल्या जातील.”

त्या संध्याकाळी मी सगळ्यांना तात्यांच्या खोक्यापुढे बोलावलं आणि सांगितलं, दसऱ्याला सकाळी सगळ्यांनी फळ्या घेऊन जोत्यावर यायचं. ज्याचा गाळा जिथे होता तिथे तो मांडायचा. बांबू मांडववाल्याचे, छप्पर मी आणते.

“आनि पोलीस बोलावलं तर?” तात्यांनी विचारलं.

“दसऱ्याला दुकान मांडलं म्हणून? बोलवू देत. त्यांनाही सोनं देऊ.”

“कायद्यानं आपण कोन हाय तिथं?”

“ते कोर्ट सांगेल, दहा वर्षांनी. साहेबांना जागा मोकळी पाहिजे. मोकळी नाही, एवढंच दाखवायचंय. तात्या, मुहूर्त तुमचाच होता. साडेतीन मुहूर्तांतल्या एकावर फळ्या काढल्या, आता दुसऱ्यावर लावूया.”

मुहूर्त शब्द निघाला की तात्यांचा अर्धा विरोध गळतो. उरलेला अर्धा त्यांनी स्वतःच सोडला. “चला. पलंगाखाली तरी किती दिवस ठिवायच्या? बायको रोज बोलतीया.”

दसऱ्याला उजाडताच हातगाड्या लागल्या. खंडेनवमीला पूजलेल्या कात्र्या, काटे, वजनं, हळदकुंकवासकट आली. सळयांना बांबू बांधले, बांबूंवर चादरी ताणल्या. सूर्य वर आला आणि साऱ्या सूतपेठेवर बर्फ पडलं. निळ्या आभाळात पांढरी झाडं, हरणांची गाडी, आणि खाली बुगडतात्या उदबत्ती लावत होते. पोरंबाळं माना वर करून चालत होती. इतक्या महिन्यांत पेठेत पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने हसलं.

टाकीच्या बोळाच्या जागी मी एक गाळा रिकामा सोडला होता. त्यात वर चादर, खाली माझ्या घरचं सतरंजीचं पटकूर आणि बांबूला टेकून ठेवलेल्या आठ फळ्या.

अभिजित धावत आला. “काकू, हे काय?”

“दसरा.”

“अर्ध्या तासात साहेब येतील. बँकेला मी काय सांगू?”

“सांग, जागा मोकळी नाही. आणि ऐक. तुला पाच मजले बांधायचे होते, आम्हाला एकच पाहिजे. काच नको, लिफ्ट नको. खाली गाळे, वर साधा स्लॅब. आपापल्या गाळ्याच्या बांधकामाचा खर्च आम्ही सोसतो. वरचे मजले ज्या दिवशी यायचे त्या दिवशी येतील, सळया तेवढ्या झाकून ठेव.”

“सगळे तयार आहेत?”

“फळ्या घेऊन आलेत. अजून काय सही पाहिजे?”

तो हो म्हणाला नाही. पण ओरडलाही नाही.

मग धनपालअण्णा आले. पेठेच्या तोंडाशी गाडी थांबवून, काचेतून चादरींकडे बघत होते. खाली उतरले आणि चालत आत आले. मी रिकाम्या गाळ्याकडे हात केला. ते फळ्यांपाशी गेले, वाकले, पहिल्या फळीच्या कडेवर बोट फिरवलं. “ओंदु,” ते म्हणाले. दुसरीवर, “एरडु.” तिसरी, चौथी. आठव्या फळीवर ‘एंटु’ म्हणून थांबले. ते ताठ झाले, वळले आणि गाडीत बसून निघून गेले.

हसनचाचा म्हणाले होते, ती भीक होते. मी भरल्या पेठेत, सणाच्या दिवशी, त्या माणसाच्या बापाची इभ्रत उघड्यावर मांडली होती.

आणि तेवढ्यात साहेबांची पांढरी गाडी आली. साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन उतरले. त्यांनी वर बर्फाकडे पाहिलं, खाली आमच्याकडे पाहिलं.

“अभिजितराव, जागा मोकळी आहे म्हणाला होतात.”

“तेव्हा होती,” अभिजित म्हणाला.

साहेब अनुभवी होते. ते रागावले नाहीत. एकेका दुकानापुढून फिरले, आपट्याची पानं घेतली, नमस्कार केले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सणाचं सगळं छान आहे. पण धंदा कुठे आहे? माग बंद पडलेत. तुमच्या गावातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं इथून पाय काढला, आणि तुम्ही बांबू रोवताय? मी रक्कम थोडी वाढवतो. पुढच्या आठवड्यात येतो, तोपर्यंत आवरून घ्या.”

वाक्य बरोबर वर्मी लागलं होतं. पलीकडच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बुगडतात्या खाकरले आणि मला कळलं, ते आता ‘वाढवतो म्हणजे किती’ असं विचारणार.

“तात्या,” मी दबक्या आवाजात म्हटलं, “विचारलंत तर तुमच्या फळ्या मी विकत घेईन.”

तात्यांनी तोंड मिटलं.

तेव्हा पेठेच्या तोंडाशी गलका झाला. गाडी बाहेरच सोडून धनपाल मगदूम पायी येत होते. पांढरा सदरा घामाने अंगाला चिकटलेला, आणि खांद्यावर फळी. तिची कडी पावलागणिक वाजत होती. ज्या गल्लीतून बाप पुन्हा चालला नाही त्या गल्लीतून ते भर मधून आले, कुठेही न थांबता, आणि नववी फळी आठांच्या शेजारी उभी केली.

साहेबांनी त्यांना ओळखलं. “मगदूम? तुम्ही तर माघार घेतली म्हणे.”

“वरनं घेतली,” अण्णा म्हणाले. “खाली बसायला आलोय.”

त्यांनी चपला काढल्या, उंबरा नव्हताच तरी असल्यासारखं वाकून जोत्याला हात लावला आणि पटकुरावर मांडी घालून बसले. हसनचाचांनी डोळे पुसले आणि पुसताना कुणी पाहिलं का तेही पाहिलं. साहेबांनी पेढ्यांचा पुडा तात्यांच्या हातात दिला आणि गेले. पुढच्या आठवड्यात आले नाहीत. नंतरही नाही. लढाई लागलेली जागा स्वस्तातही महाग पडते, हे त्यांना आमच्याहून चांगलं कळत असणार.

“वहिनी, बोहनी करा,” अण्णा म्हणाले.

मी एक चादर उचलली, उलटसुलट केली, शिवण ओढून पाहिली. “हरणांचे पाय बारीक आहेत. किती द्यायचे?”

“तुम्ही म्हणाल ते.”

“असं म्हणणाऱ्याचं दुकान चालायचं नाही, अण्णा. भाव सांगा.”

त्यांनी भाव सांगितला, मी निम्म्यावर आणला, ते ओरडले, आणि पेठ सुरू झाली. दिवाळीपर्यंत त्या बर्फाच्या चादरी गावात घरोघर गेल्या. एवढ्याने कारखाना सावरला नाही. पण गडी टिकले, आणि पुढे अण्णांनी आपल्याच देशातल्या लग्नसराईचा माल धरला. बँकेने कुरकुर करत अभिजितला मुदत दिली. गाळे झाले. शटरचे झाले, काचेचे नाही. वरचा एकच मजला झाला, तोही बऱ्याच वर्षांनी. अमेरिकेचा कर मध्ये उतरला, पुन्हा चढला म्हणतात. आमचे हे पेपरात वाचून सांगतात, मी मान हलवते.

पण मला आठवते ती त्याच दसऱ्याची संध्याकाळ. दुकानं बंद करायची वेळ झाली. आम्ही फळ्या बांबूंना लावून सुंभाने बांधत होतो आणि तेविसाव्या गाळ्यापुढे एकेक जण काम टाकून उभा राहिला. अण्णा मोठ्याने आकडे म्हणत फळ्या लावत होते. ओंदु, एरडु, मूरु. एकही अडली नाही. आठ झाल्या. मग कडीची फळी उचलून त्यांनी शेवटच्या जागी बसवली. “ओंबत्तु,” ते म्हणाले, आणि सुंभाची गाठ मारून कडीला कुलूप घातलं.

फळ्या कुणी घेतल्या होत्या, हे त्यांनी दिवसभरात एकदाही विचारलं नव्हतं. कुलूप ओढून पाहून ते माझ्याकडे आले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

“वहिनी, ही मल्लाप्पाकाकांच्या फोटोपुढं ठेवा,” ते म्हणाले. “उद्या सकाळी मागायला येतो.”